झोपेची गोळी... आपल्याच देशातली

'मँड्रॅक्स' हे नाव बातमीत वाचलं असेल. अमुक ठिकाणी धाड, इतका माल जप्त वगैरे. पण हीच गोळी एके काळी डॉक्टर साध्या निद्रानाशावर लिहून देत. आणि तिच्यातलं मूळ औषध पहिल्यांदा बनलं ते आपल्या भारतात!

त्या औषधाचं नाव मेथाक्वालोन. १९५१ साली इंद्र किशोर काकर आणि सय्यद हुसेन झहीर या दोघांनी ते तयार केलं. (हेच झहीर पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले.) १९५५ मध्ये गुजराल आणि सहकाऱ्यांनी या जातीच्या रसायनांनी झोप येते असं दाखवून दिलं.

तेव्हा जगात झोपेसाठी बार्बिट्युरेट्स चालत. त्यातलं पहिलं, व्हेरोनल, १९०३ पासूनचं. पण थोडा डोस वाढला की श्वासच थांबायचा. मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये गेली ती असल्याच औषधांच्या अतिसेवनाने. त्यामुळे 'बार्बिट्युरेट नसलेली' नवी गोळी म्हटल्यावर लोकांना हायसं वाटलं असणार. १९६५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मँड्रॅक्स आली (२५० मिग्रॅ मेथाक्वालोन आणि सोबत २५ मिग्रॅ डायफेनहायड्रामीन) आणि अमेरिकेत क्वालूड.

पुढे काय झालं ते आपण ओळखलंच असेल. मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन असतं, ते मज्जातंतूंना शांत करतं. या गोळ्या त्याचाच जोर वाढवतात. रोज घेतल्या की मेंदूला सवय होते, मग तेवढ्याच झोपेसाठी जास्त गोळ्या. आणि बंद केल्या तर झोप आणखीच उडते! दारूबरोबर तर जीवावरच बेतायचं. तरुण मंडळी मात्र झोपायला नाही, तर जागं राहून झिंगायला ती घेऊ लागली. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेने ती सर्वांत कडक यादीत टाकली. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आला, त्याच्याही यादीत मेथाक्वालोन आहे.

औषध गेलं, धंदा राहिला. दक्षिण आफ्रिकेत ही गोळी कुटून चिलमीत ओढतात. २०१६ मध्ये उदयपूरजवळ महसूल गुप्तचर खात्याने सुमारे साडेतेवीस टन मँड्रॅक्स पकडली. टन हो, किलो नाही!

आम्ही सुप्याचे लोक, गावाशेजारीच एमआयडीसी. त्यामुळे हे वाचताना वाटलं, कारखान्यातल्या भांड्याला काय कळतं आपल्यात औषध उकळतंय की विष? ते ठरवतो माणूस. आणि डोस.

हे सगळं लिहायचं कारण घरचंच. आपल्याकडे झोप येत नसली की आजी दुधात जायफळ उगाळून द्यायची. आता बऱ्याच घरांत उशाशी अल्प्राझोलमची पट्टी असते. तीही 'सुरक्षित' म्हणूनच आली होती! २०१४ पासून ती एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळू नये आणि दुकानदाराने नोंद ठेवावी. अशा गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांपुरत्या असतात, वर्षानुवर्षांसाठी नाहीत.

तेव्हा काका, मावशी, जे वाचत असतील त्यांना एवढंच सांगणं: शेजारणीची गोळी घेऊ नका. आणि बरीच वर्षं घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

बाकी तुमच्याकडे झोपेसाठी काय करतात? जरूर कळवा.