१२. ‘कबुलीनंतरचे अपील’
इथे विसंगती नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ नुसार (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ४१६) सत्र न्यायालयात गुन्हा कबूल करून दोषी ठरलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायद्यात बसते का, एवढ्यापुरतेच आहे. कबूल केल्यावर तक्रार कसली, हा आक्षेप टिकत नाही : आरोपी कबुली देतो ती कृत्याची, दहा वर्षे की जन्मठेप हे न्यायाधीश ठरवतो, आणि चूक त्याच्याकडूनही होते. शिवाय कबुलीवरून दोषी ठरवलेच पाहिजे, असे बंधन सत्र न्यायालयावर नव्हते (१९७३ च्या संहितेचे कलम २२९). २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात आरोपी कसाबने २० जुलै २००९ रोजी कबुली दिली, तरी साक्षीपुरावे पुढे चालूच राहिले. त्यामुळे वरच्या न्यायालयांत त्याचे अपील दोषसिद्धीसकट ऐकले गेले.