तात्पुरते नाव आणि फाइलचे सुरक्षित प्रेषण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दूरस्थ सर्व्हरवर फाइल पाठविताना संपर्क मध्येच तुटल्यास अपुरी फाइल मूळ नावाने तेथे राहू शकते आणि वाचणारा तीच पूर्ण समजतो. या प्रश्नावरील उपायाचा विकास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

विवेचन :
आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा पहिला आराखडा मांडला. १९८५ च्या 'आरएफसी ९५९' या मानकानुसार, पाठविलेली फाइल त्याच नावाच्या जुन्या फाइलची जागा घेते. तथापि नाव बदलण्याची स्वतंत्र आज्ञाही त्यात आहे. त्यामुळे तात्पुरत्या नावाने फाइल पाठवून, ती पूर्ण पोहोचल्यावर अंतिम नाव देणे शक्य होते. युनिक्समध्ये पूर्वी नावबदल दोन पायऱ्यांत होई : नवे नाव जोडणे व जुने काढणे. १९८३ च्या ४.२ बीएसडीने त्यासाठी 'रीनेम' ही एकच अखंड क्रिया दिली. परिणामी वाचणाऱ्यास जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट नव्हे. मात्र दोन्ही नावे एकाच फाइल सिस्टिमवर असावी लागतात. १९९६ च्या 'आरसिंक'नेही हीच रीत स्वीकारली.

निष्कर्ष :
'पोहोचणे' आणि 'उपलब्ध होणे' यांतील भेद राखल्यानेच ही सुरक्षितता साधली. निकाल वा गुणवत्ता यादी सर्व्हरवर ठेवणाऱ्या संस्थांना हे भान आवश्यक ठरते.