नाडीविना रक्ताभिसरण

'नाडी लागत नाही' हे शब्द कानांवर पडताच आपल्या छातीत धस्स होते. नाडी म्हणजे जीव, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे. पण आज जगात अशी हजारो माणसे आहेत की ज्यांच्या मनगटावर बोटे ठेवली तर नाडी लागत नाही किंवा अगदी पुसट लागते, आणि तरीही ती हिंडतात-फिरतात. त्यांच्या दुबळ्या हृदयाला जोडलेला लहानसा पंप रक्त अखंड पुढे ढकलत असतो. असा न धडधडणारा पंप सुचायला वैज्ञानिकांना बराच काळ लागला.

हृदयाचे काम तसे किती? ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. सरासरी दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटर उंचीइतका धरून दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला, तर डाव्या जवनिकेची शक्ती जेमतेम १.१ वॅट येते. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) म्हणजे अडचण शक्तीची नव्हती. रक्त परक्या पृष्ठभागाला लागले की गोठते, फार घुसळले की त्यातील तांबड्या पेशी फुटतात, आणि यंत्राला क्षणभरही विश्रांती नसते. खरी अडचण ही होती.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी एका तरुणीच्या हृदयातील छिद्र शिवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्राने केले. पण निकामी होत चाललेल्या हृदयाला आठवडे, महिने आधार कसा द्यायचा? १९६६ मध्ये ह्यूस्टनला डॉ. मायकेल डिबेकी यांनी एका रुग्णाला १० दिवस पंपाचा आधार दिला. तेवढ्या विश्रांतीने तिचे स्वतःचे हृदय सावरले. इतरांनी हृदयच बदलायचे ठरवले. १९६९ मध्ये डॉ. डेंटन कूली यांनी बसवलेले कृत्रिम हृदय ६४ तास चालले. २ डिसेंबर १९८२ रोजी युटा विद्यापीठात 'जार्विक-७' हे हृदय बसवलेला रुग्ण ११२ दिवस जगला. मात्र तेवढे दिवस तो नळ्यांनी एका अवजड यंत्राला जखडलेला होता.

या साऱ्या खटपटींत एक गोष्ट समान होती. कप्पा भरायचा, दाबायचा, झडपा उघडायच्या, मिटायच्या. हृदयाची ही हुबेहूब नक्कल दिवसाला १ लाख, वर्षाला साडेतीन कोटी वेळा करायची, तर पडदे आणि झडपा झिजणारच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२९ रुग्णांच्या चाचणीत अशा पंपामुळे वर्षाअखेर ५२ टक्के रुग्ण जिवंत होते, तर केवळ औषधांवर २५ टक्के. पण दोन वर्षांनंतर पंपवाल्यांतही २३ टक्केच उरले.

वेगळी वाट १९७६ मध्ये इजिप्तमध्ये दिसली. तेथे शेताला पाणी चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू पाहून डॉ. रिचर्ड वाम्प्लर यांच्या मनात आले, रक्तही असेच ढकलता येईल. वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी पेशींचा चुरा होईल, असा आक्षेप होता. परंतु १९८८ मध्ये त्यांचा मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेणारा 'हेमोपंप' प्रथम रुग्णात वापरला गेला, तेव्हा तसे घडले नाही. पेशी पात्यांच्या सान्निध्यात निमिषमात्रच असतात.

मग हृदय तरी का धडधडते? कारण ते स्नायूचे आहे. स्नायूला आकुंचन पावता येते, चाकासारखे फिरता येत नाही. म्हणजे ठोका ही रक्ताची गरज नसून स्नायूची मर्यादा आहे, असे म्हणता येईल. शिवणयंत्रही हाताच्या टाक्याची नक्कल सोडून सुईचे नेढे टोकाशी आणले, तेव्हाच साधले. 'हार्टमेट-२' या पंपात झडपा नव्हत्या, हलणारा भाग एकच होता. २००९ च्या चाचणीत तो बसवलेले ५८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. ठोके देणाऱ्या जुन्या पंपावरचे २४ टक्के.

तथापि शरीराने हा बदल मुकाट्याने स्वीकारला नाही. आतड्यांत रक्तस्राव, पंपात गुठळ्या असे त्रास दिसू लागले. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'हार्टमेट-३' मधील चक्र चुंबकीय बलाने अधांतरी फिरते आणि रक्त साचू नये म्हणून दर दोन सेकंदांनी वेग बदलते. सोडून दिलेला ठोका थोडासा परत आणावा लागला, तो असा! हा पंप बसवलेले ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. पोटातून बाहेर येणारी तार, तिच्या वाटेने शिरणारे जंतू, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि सामान्य कुटुंबाला न परवडणारी किंमत हे प्रश्न मात्र अजून उरलेच आहेत.

रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना मुलांना मनगटावरची नाडी मोजायला जरूर लावावे. मोजून झाली की विचारावे, 'ही नसली तर माणूस मेला असे नक्की म्हणता येईल का?'