तळटीप १४ : एअरस्ट्रीम क्लिपर
१४. क्लिपर : वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली अमेरिकेत बाजारात आणलेले, मोटारीमागे जोडून ओढायचे फिरते घर. त्या काळी अशी बहुतेक घरे लाकडी चौकटीवर बांधत. सांध्यांतून पाणी झिरपले की लाकूड कुजे. क्लिपरची बांधणी विमानाच्या धर्तीची : ॲल्युमिनिअमच्या बाकदार फासळ्यांवर रिव्हेटने पत्रा बसवलेला, आणि फासळ्यांबरोबर तो पत्राही भार पेलणारा. ही रचना ग्लायडर बांधणारे हॉली बोलस यांच्या १९३४ च्या ‘रोड चीफ’वरून घेतलेली. ॲल्युमिनिअममधून उष्णता झटकन वाहते, म्हणून आतल्या-बाहेरच्या आवरणांमध्ये उष्णतारोधक थर असे. लेखक येथे ‘दुहेरी भिंत’ म्हणतात ती हीच.