सातपुड्यातील वनौषधी : आरोग्य आणि अर्थकारण

जळगाव/धुळे : यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात हिरडा, बेहडा, आवळा, गुळवेल, सालई, बिब्बा, सफेद मुसळी आदी औषधी वनस्पती आढळतात. पावरा, भिल्ल व तडवी कुटुंबांसाठी त्या घरगुती उपचाराचे साधन आहेतच. शिवाय शेतीची कामे नसताना चार पैसे मिळवून देणारा आधारही आहेत.

दवाखाना दूर आणि औषधे महाग असलेल्या विकसनशील देशांत वनौषधींवरील भिस्त मोठी आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत आवश्यकतेनुसार पारंपरिक उपचारकांनाही स्थान दिले. सर्पगंधेपासून १९५२ मध्ये रक्तदाबावरील रिसर्पीन वेगळे करण्यात आले, तर चिनी वनौषधीतून हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

मोल वाढते कोठे?

वनौषधींचे मोल वाढते ते वाळवण, प्रतवारी, चूर्ण आणि अर्क काढण्याच्या टप्प्यांवर. ही कामे गावाबाहेर होत असल्यास संकलकाच्या हाती केवळ कच्च्या मालाचा दर पडतो.

संकलनाची पद्धतही महत्त्वाची आहे. हिरड्या-बेहड्याची फळे वेचल्याने झाड टिकते. मुसळीचे कंद मात्र खणून काढावे लागतात. अतिरिक्त खोदाईने जंगलातील मुसळी संपुष्टात येऊ शकते. शास्त्रीय नावात मुंबईच्या बोरिवलीचा उल्लेख असलेल्या या वनस्पतीची लागवड हा त्यावरील पर्याय आहे. मात्र, बेण्याचा खर्च मोठा असल्याने खात्रीच्या खरेदीदाराविना तो जोखमीचा ठरतो.

कायद्याचा आधार

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० मध्ये झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना २०१३-१४ पासून सुरू झाली. हिरडा, बेहडा व गुळवेल यांचा तीत समावेश आहे. जैवविविधता कायदा, २००२ ने व्यापारी लाभातील वाटा स्थानिकांना देण्याची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली. त्यामुळे रानातून गोळा केलेला आणि शेतात पिकविलेला माल यांची स्वतंत्र नोंद ठेवणे अधिक गरजेचे झाले आहे.

हक्क कागदावर असले, तरी गावपातळीवर वाळवण, साठवण आणि सामूहिक विक्रीची सोय झाल्याशिवाय संकलकाला रास्त दर मिळणे कठीण आहे.