पूर ओसरल्यानंतरचे घर : पुणे, १९६१

प्रस्तावना

धरणफुटीच्या इतिहासात साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात. धरण का फुटले आणि त्याला जबाबदार कोण? पाणी ओसरल्यावर माणसे परत आली तेव्हा त्यांच्या घराचे काय झाले, हा तिसरा प्रश्न बहुधा मागे राहतो. या लेखात आपण १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात आलेल्या पुराकडे या तिसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. मुद्दा असा की, घर पुन्हा उभे राहणार की नाही, हे केवळ पाण्याच्या उंचीवर ठरले नाही. भिंत कशाची होती आणि ती कोणाच्या मालकीची होती, यावरही ते ठरले.

घटना

पानशेत धरण हे मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरील मातीचे धरण. काम पूर्ण होण्यापूर्वीच १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले आणि भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली; तरीही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात आले आणि त्याच दिवशी तेही फुटले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचे नदीकाठचे भाग, तसेच शिवाजीनगर आणि डेक्कन जिमखाना परिसर पाण्याखाली गेला.

भिंती का पडल्या?

पेठांतील जुना वाडा म्हणजे दगडी जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि मधल्या जागेत मातीत रचलेल्या विटा. बाहेरून चुन्याचा गिलावा असे. त्यामुळे भिंत पक्की दिसे. परंतु विटांना धरून ठेवणारी माती काही तास पाण्यात राहिली की चिखल होते. पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर असते तोवर त्याचा दाब बराचसा समतोल राहतो. पाणी उतरू लागले की हा आधार जातो. भिजून जड झालेली भिंत तेव्हा स्वतःच्याच वजनाने बसते. म्हणूनच पूर ओसरल्यानंतरही घरे पडत राहतात. सांगाडा उभा आणि भिंती मात्र गळून गेलेल्या, असे चित्र अशा बांधकामात दिसते. दगड आणि चुन्यात बांधलेला शिवाजी पूल याच पाण्यात टिकून राहिला, ही तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गाळ आणि पाणी

घरात परतल्यावरचे पहिले काम गाळ काढण्याचे. पुराचा गाळ ओला असतानाच फावड्याने आणि घमेल्याने उपसावा लागतो. सुकला की तो कोपऱ्यांत आणि फरशीच्या सांध्यांत घट्ट बसतो. त्यानंतर जमीन आणि भिंती धुवाव्या लागतात. येथेच पुण्याची विचित्र अडचण होती. शहराला पाणी खडकवासल्याहून येत असे आणि तेच धरण फुटले होते. ज्या शहरात पाण्याने घरे पाडली, त्याच शहरात घर धुवायला आणि प्यायला पाणी मिळेना. अशा वेळी वाड्यांतील जुन्या विहिरी आणि आड पुन्हा कामाला आले. पुराच्या पाण्यात बुडालेल्या विहिरी मात्र उपसून निर्जंतुक केल्याशिवाय वापरणे धोक्याचे होते. भिजून सडणारे धान्य आणि मेलेली जनावरे यांमुळे साथीची भीती होती. त्यामुळे लस टोचणे हाही साफसफाईइतकाच निकडीचा कार्यक्रम ठरला.

त्यापुढचे काम भिंत वाळवण्याचे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जाड भिंतीच्या पोटातील ओल लवकर निघत नाही. घाईने सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत अडकते आणि पुढे गिलावा सुटतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते. शिवाय त्या काळी सिमेंटचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते. हवे तेव्हा हवे तितके सिमेंट दुकानातून आणावे, अशी सोय नव्हती.

दुरुस्ती कोणी करायची?

वाड्यात मालकाबरोबर अनेक भाडेकरू बिऱ्हाडे राहत. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवलेली होती. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर होती. पण गोठवलेल्या भाड्यातून पडलेली भिंत बांधण्याइतका पैसा सुटत नसे. भाडेकरूकडे भांडी होती, कपडे होते, राहण्याचा हक्क होता. पण पाया त्याचा नव्हता. गाळ त्याने काढला तरी भिंत उभारणे त्याच्या हातात नव्हते. एकाच वाड्यात, एकाच उंचीच्या पाण्यात सापडलेल्या दोन कुटुंबांचे नुकसान म्हणूनच सारखे नव्हते.

पुनर्वसन आणि जमीन

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने मदत आणि पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. बर्वे हे पुण्याच्या प्रशासनाचा पूर्वीचा अनुभव असलेले सनदी अधिकारी होते. ज्यांची घरे राहिली नाहीत त्यांच्यासाठी नदीपासून दूर वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगरमधील अर्धगोल पत्र्याची निसेन घरे हे त्याचे एक रूप. सहकारनगरसारख्या भागांच्या वाढीतही पूरग्रस्तांचा मोठा वाटा आहे. पेठांपुरते आटलेले शहर यानंतर टेकड्यांच्या पायथ्याकडे वेगाने पसरले.

पूरग्रस्तांच्या अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमीन भाडेपट्ट्याने मिळाली होती. त्या जमिनीच्या मालकीहक्काची मागणी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिली. तात्पुरते म्हणून दिलेले छप्पर लोकांनी दुरुस्त केले, वाढवले, त्यात पुढच्या पिढ्या वाढल्या. पायाखालच्या जमिनीचा प्रश्न मात्र मागे उरला.

समारोप

धरणफुटीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकर यांचे काम पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले. ते न्यायमूर्ती नाईक यांनी पुरे केले. ती चौकशी धरणाची होती. घरांची चौकशी करायची तर भाडेपावत्या, सातबारा, संस्थांची इतिवृत्ते आणि भिंतीवर उरलेली पुराची रेघ हीच साधने वापरावी लागतील.

हैदराबाद (१९०८), मोरवी (१९७९), केरळ (२०१८) यांपैकी आपल्या जवळच्या एका पुराबाबत विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारून पाहावेत : भिंत कशाची होती? गाळ काढला कोणी? आणि दुरुस्त झालेल्या घराच्या कागदावर नाव कोणाचे लागले? यातला तिसरा प्रश्न पूर ओसरून कित्येक वर्षे झाली तरी जुना होत नाही.