‘कुलीन कांता’ (१९२५): खटला, मूकपट आणि इतिहासाचे साधन

‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी दिसली की आपण चित्रपटाला इतिहास समजून पाहू लागतो. हे कितपत योग्य आहे? शंभर वर्षांपूर्वीचे एक उदाहरण घेऊ.

१२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीवर हल्ला झाला. आत श्रीमंत व्यापारी अब्दुल कादिर बावला आणि मुमताज बेगम होते. मुमताज ही इंदूरच्या होळकर दरबारातील नर्तकी; ती दरबार सोडून आली होती. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचे होते. गोळी लागून बावलाचा मृत्यू झाला. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले, पण वाटेने जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडल्याने ती वाचली.

मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यावर खटला झाला नाही. मात्र ‘चौकशी आयोग की पदत्याग’ असा पेच आल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

त्याआधीच, १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट आला होता. दिग्दर्शक होमी मास्टर. प्रेरणा हेच प्रकरण. एवढी घाई का, याचा विचार करा. मूकपटात बोललेले संवाद नसतात. प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक असेल, तर निर्मात्याचे अर्धे काम झालेले असते. इथे ते वृत्तपत्रांनी केले होते.

याच वर्षी हॉलिवूडमध्ये ‘द रेड किमोनो’ निघाला. खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटलेल्या गॅब्रिएल डार्लीची ही कथा, तिच्या खऱ्या नावासह. तिने दावा लावला. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने भेद केला: खटल्याच्या जाहीर नोंदींतील घटना कोणीही वापरू शकतो; पण नव्याने संसार मांडलेल्या स्त्रीचे खरे नाव वापरून तिचा भूतकाळ चव्हाट्यावर आणणे हा अन्याय आहे.

हा भेद आपल्यालाही उपयोगी पडतो. मलबार हिलवर काय घडले, हे न्यायालयातील साक्षींवरून तपासावे. तिथे मुमताज स्वतः बोलली. पडद्यावरची नायिका मात्र निर्मात्याने घडवलेली असते. ‘कुलीन कांता’ म्हणजे खानदानी स्त्री. नर्तकीच्या प्रकरणावरून काढलेल्या चित्रपटाला हेच नाव का द्यावेसे वाटले असेल? त्या नावातून मुमताजपेक्षा त्या काळच्या प्रेक्षकांच्या अपेक्षांविषयी अधिक कळते. चित्रपट इतिहासाचे साधन आहे तो याच अर्थाने.

स्वाध्याय: सत्य घटनेवरचा, तुम्ही पाहिलेला एक चित्रपट निवडा. त्यातील कोणती गोष्ट नोंदींत सापडते आणि कोणती केवळ प्रेक्षकांसाठी घातली आहे, याची दोन रकान्यांत मांडणी करा.